बाळाची कातडी जन्मापासून सैल आहे : क्युटिस लॅक्साच्या तपासणीबद्दल विचारायचे आहे

विटेकर :
नमस्कार. माझ्या धाकट्या भावाची मुलगी दीड वर्षाची होत आली आहे. जन्मापासूनच तिच्या गालांची, मानेची आणि मांड्यांची कातडी घड्या पडून लोंबते आणि चिमटीत धरून सोडली तर सावकाश जागेवर येते. बाळसे धरले की अंग भरेल, असे घरची मोठी माणसे म्हणत राहिली. परंतु वजन वाढूनही फरक पडलेला नाही. बालरोगतज्ज्ञांनी ‘क्युटिस लॅक्सा’चा संशय व्यक्त करून मिरजेला त्वचारोगतज्ज्ञांकडे जाण्यास सांगितले आहे. भावजय आमच्या मामाचीच मुलगी असल्यामुळे नातेवाइकांत कुजबुज सुरू झाली असून सगळा दोष तिच्याच माथी मारला जात आहे. तपासणीत आम्ही कशाचा आग्रह धरावा?

त्वचारोगतज्ज्ञ, मिरज :
कातडी ताणल्यावर परत आणण्याचे काम इलॅस्टिन तंतूंचे असते, आणि या विकारात ते तंतू अपुरे किंवा तुटलेले असतात. एहलर्स-डॅनलॉस या वेगळ्या विकारातही कातडी खूप ताणली जाते, पण ती सोडताच झटकन परत जाते आणि जखमांचे व्रण पातळ, रुंद राहतात; आपले वर्णन तसे नाही. बायोप्सी (कातडीचा छोटा तुकडा काढून तपासणे) केल्यास तंतू दाखवणारे खास रंजन, म्हणजे नमुना रंगवणे, करून घ्यावे, कारण नेहमीच्या रंजनात नमुना जवळजवळ सामान्य दिसू शकतो.

मात्र माझा खरा आग्रह वेगळा आहे. हेच तंतू फुप्फुसांत आणि महाधमनीतही असतात, म्हणून त्वचेआधी हृदयाची इको तपासणी, छातीची तपासणी आणि हर्नियासाठी पोटाची पाहणी करून घ्यावी. एफबीएलएन५ जनुकात दोष असल्यास लहान वयातच एम्फिसीमा (फुप्फुसांतील हवेच्या पिशव्या खराब होऊन दम लागणे) होऊ शकतो आणि ईएफईएमपी२ जनुकात असल्यास धमन्या वेड्यावाकड्या होतात किंवा फुगतात. कोणत्या अवयवावर लक्ष ठेवायचे हे जनुकीय चाचणीमुळे ठरवता येते. तांब्याच्या वहनाशी निगडित असलेला एटीपी७ए जनुकाचा प्रकार प्रामुख्याने मुलग्यांत आढळतो. फुप्फुसांना धोका असल्यामुळे घरात कोणीही विडी-सिगारेट ओढू नये.

कराडकर :
हा विकार मोठेपणीही जडू शकतो, हे इतर वाचकांसाठी लिहीत आहे. माझ्या काकांना पन्नाशीत अंगावर वारंवार पित्ताच्या गांधी उठत आणि त्यानंतर चेहऱ्याची व मानेची कातडी सैल पडून लोंबू लागली. वयामुळे असेल म्हणून आम्ही गप्प राहिलो नाही, हे बरे झाले, कारण रक्ताच्या तपासणीत असामान्य प्रथिन सापडले आणि मायलोमाचे (रक्तपेशींच्या एका कर्करोगाचे) निदान वेळेवर झाले.

विटेकर :
दोघांचेही मनापासून आभार. शस्त्रक्रियेने कातडी घट्ट करता येईल का? आणि पुढच्या मुलाचे काय?

त्वचारोगतज्ज्ञ, मिरज :
तुटलेले तंतू पुन्हा तयार करणारे औषध किंवा मलम नाही, तेव्हा जाहिरातींवर पैसे घालवू नका. क्युटिस लॅक्सात जखमा सहसा नीट भरतात, त्यामुळे पुढे शस्त्रक्रिया करता येते. पण कातडी कालांतराने पुन्हा सैल पडू शकते. मामेबहिणीशी लग्न झालेले असल्यामुळे अप्रभावी (रिसेसिव्ह) आनुवंशिक प्रकाराची शक्यता अधिक आहे. त्या प्रकारात सदोष जनुक आई आणि वडील या दोघांकडूनही आलेले असते, त्यामुळे एकट्या भावजयीला दोष देण्याला काहीही आधार नाही. हे नातेवाइकांना आपण स्वतः सांगावे. तसे निदान झाल्यास प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के धोका राहतो. मुलीतील नेमका बदल आधी सापडला असेल तरच गर्भाची तपासणी करता येते, म्हणून पुढच्या मुलाचा विचार करण्यापूर्वी तिची जनुकीय चाचणी पूर्ण करावी.