मदत हवी आहे: काजू युनिट माझ्याशिवाय दोन दिवसही नीट चालत नाही

वेंगुर्ल्याजवळ छोटं काजू प्रक्रिया युनिट आहे. बारा बायका, एक बॉयलरवाला. मी बँकेत किंवा बाजारात गेलो की तुकडा (फुटलेला गर) वाढतो. विचारलं तर प्रत्येकाचं बोट दुसऱ्याकडे. नेतृत्वगुणांचा कोर्स करू, की युनिटमध्येच काही बदलू? शिमग्याच्या सुमारास नवीन बी सुरू होईल, त्याआधी घडी बसवायची आहे.

प्रतिसाद १
कोर्सचं नंतर बघा. आधी तुकडा कुठे होतो ते शोधा, कोणामुळे होतो ते नंतर. बी आकाराप्रमाणे चाळली नसेल तर कटरच्या पात्याचं अंतर लहान-मोठ्या दोन्ही बियांना जुळत नाही. वाफ कमी बसली तर टरफल नीट उकलत नाही, जोर गरावर येतो. वाफवलेली बी रात्रभर पसरून निवू दिली नाही तरी तेच. आणि ड्रायरमध्ये गर जास्त सुकला तर तो सोलणीत फुटतो, बोलणी मात्र सोलणारणीला बसतात! रोज प्रत्येक टेबलाचा एक किलो माल घ्या, अख्खा आणि तुकडा वेगळा तोला, फळ्यावर लिहा. नाव नको, टेबल आणि लॉटचा नंबर पुरे.

प्रतिसाद २
मजुरी नुसत्या किलोवर आहे का? मग घाई होणारच. अख्ख्या गराला जास्त दर ठेवा. डब्ल्यू ३२० ही प्रत म्हणजे पौंडाला ३०० ते ३२० अख्खे गर; तोच गर फुटला की तुकड्याच्या भावाने जातो.
दुसरं, अडलं की बाकीच्या बायका जिला विचारतात तिला काम थांबवायचा अधिकार द्या, आणि त्याचे वेगळे पैसे द्या. पात्याचं अंतर, लॉट परत पाठवणं, किरकोळ दुरुस्ती तिच्याकडे. उधारी आणि खरेदी तुमच्याकडे.

धागाकर्ता
हो, किलोवरच आहे. पण तिचा निर्णय चुकला तर?

प्रतिसाद २
चुकेल कधीतरी. फार तर एका लॉटची कटिंग मागे पडेल. सगळ्यांसमोर तिचा निर्णय फिरवू नका, नाहीतर दुसऱ्या दिवसापासून सगळ्या पुन्हा तुमच्याच तोंडाकडे बघतील. संध्याकाळी बाजूला बोला. आठवड्यातून एक दिवस मुद्दाम युनिटवर जाऊ नका. जे अडेल ते तिला वहीत लिहायला सांगा.

प्रतिसाद १
खरेदीबद्दल सहमत. वर्षाची बी दोन-तीन महिन्यांत भरायची असते. ओली बी गोणीत गेली तर पावसाळ्यात बुरशी धरते, मग टेबलावर कितीही शिस्त असली तरी गर काळाच निघतो. उन्हात वाळवून ओलावा ८ ते १० टक्क्यांवर आणा, मगच गोणी शिवा. आणि चतुर्थीच्या सुट्ट्या आत्ताच बायकांसोबत बसून ठरवा.