तुरमुरीला जाणारा कचरा जाळायचा की कुजवायचा?

सीमाभागी
बेळगावचा कचरा तुरमुरी गावच्या कचरा डेपोत जाऊन पडतो. इकडे चिकोडी, गोकाक, रायबाग पट्ट्यात साखर कारखान्यांची रांग. बहुतेकांकडे उसाच्या चोथ्यावरचे बॉयलर नि टर्बाइन आहेत, आणि गाळप संपलं की ते पुढच्या हंगामापर्यंत थंडच. शहरातला सुका, जळाऊ कचरा त्यात का घालू नये? 2016 च्या घनकचरा नियमांत किलोला 1500 किलोकॅलरी किंवा जास्त उष्णता देणारा, पुन्हा न वापरता येणारा कचरा पुरायलाच मनाई केली होती. बंगळुरूजवळ बिडदीला रोजच्या कचऱ्याच्या 600 टनांवर 11.5 मेगावॉटचा प्रकल्प झालाच की. आपण नवा न बांधता आहे तो वापरू.

बॉयलरवाला
नको ओ! चोथ्यात क्लोरिन नावाला असतं. कचऱ्यात पीव्हीसीचे तुकडे, रेक्झिन, खरकट्यातलं मीठ सगळंच येतं. त्याचे क्लोराइड क्षार सुपरहीटरच्या, म्हणजे वाफ आणखी तापवणाऱ्या नळ्यांवर बसतात आणि खालून पोलाद खातात. कारखान्यांतल्या सहवीजनिर्मितीची (साखरेसोबत वीज करण्याची) वाफ 485 ते 515 अंशांची, म्हणजे नळी लवकर पातळ होऊन फुटणार. कचऱ्यासाठी बांधलेले बॉयलर याच कारणानं वाफ साधारण 400 अंशांवर ठेवतात. अ‍ॅल्युमिनियम 660 अंशांना वितळतं, ते ग्रेटच्या (भट्टीतल्या जाळीच्या) फटीत जाऊन थिजतं. शिवाय डायॉक्सिन हे धुरातलं विष मोडायला धूर 850 अंशांच्या वर किमान 2 सेकंद राहायला हवा, पुढं धूर साफ करायला चुना, सक्रिय कोळसा आणि बॅग फिल्टर (कापडी गाळणी). एवढं बसवल्यावर ‘आहे तो वापरू’ कुठं राहिलं?

सीमाभागी
बरं, मग बागलकोटकडच्या सिमेंट भट्ट्या? तिथं 1400 अंशांच्या पुढं काम चालतं आणि राखही क्लिंकरमध्ये, म्हणजे सिमेंटच्या कच्च्या खड्यांत मुरते.

बॉयलरवाला
ते पटतं. पण त्यांना माल ओलावा 20 टक्क्यांखाली, क्लोरिन 1 टक्क्याखाली असा लागतो. जुलैत बेळगावात वाळवणार कुठं? मोठी शेड हवी, आणि ती कुणाच्याच अंदाजपत्रकात नसते.

शेणकाला
दोघेही सुक्याचंच बोलताय. आपल्या घरांतला निम्म्याहून जास्त कचरा ओला. एक किलो पाणी उडवायलाच सुमारे 600 किलोकॅलरी जातात. दिल्लीत तिमारपूरला 1987 मध्ये कचरा जाळायचा प्रकल्प उभारला, तो याच पायी काही आठवड्यांत बंद पडला. ओला बंद टाकीत कुजवाच. वेगळा केलेला 1 टन ओला कचरा 80 ते 100 घनमीटर गॅस देतो, आणि 1 घनमीटर म्हणजे अंदाजे 0.45 किलो एलपीजी. 10 टनांवर रोज घरगुती 28 सिलिंडरांइतकं इंधन निघतं. इंदूरला 550 टनांचा प्रकल्प 2022 पासून आहे.

मात्र घाई केली की बिघडतं. आधी टाकी शेणकाल्यानं (पाण्यात कालवलेल्या शेणानं) भरून मुरवायची, मग पहिला महिनाभर थोडं थोडं खाद्य. लग्नसराईत कार्यालयांतला भात एकदम ओतला की आम्ल वाढतं. पीएच (आम्लतेचं माप, आम्ल वाढलं की उतरतो) 6.5 च्या खाली गेला तर खाद्य बंद आणि चुन्याची निवळी. नारळाच्या शेंड्या वर तरंगून जाड थर धरतात, त्या आधीच काढायच्या. डिसेंबरच्या थंडीत गॅस कमी येतो, तो बिघाड नव्हे. इंजिनाला द्यायच्या आधी गॅस लोखंडाच्या किसातून न्यायचा, नाहीतर त्यातलं हायड्रोजन सल्फाइड इंजिन खातं.

मार्कंडेयकाठ
हे सगळं उद्याच्या कचऱ्याचं झालं. आजवर साठलाय त्याचं काय? 1 हेक्टर ढिगावर 1 मीटर पाऊस पडला की 1 कोटी लिटर पाणी. सगळं मुरत नाही, पण पाव जरी मुरलं तरी 10 हजार लिटरचे 250 टँकर काळं पाणी, म्हणजे कचऱ्यातून झिरपलेला घाण रस. भरावाखाली 90 सेंमी दाबलेली चिकणमाती आणि 1.5 मिमीची एचडीपीई (जाड प्लास्टिकची) चादर हवी, असं 2000 सालचे नियमही सांगत होते. आपल्या पश्चिम बाजूला जांभा दगड, त्यातून पाणी झिरपायला वेळ लागत नाही. पावसाळ्याआधी 40 ते 65 सेंमी मातीचं आवरण आणि ढिगाभोवती चर, हे आधी. जुना ढीग उपसायचा तर ऑक्टोबर ते मे. ओला माल ट्रोमेलच्या (फिरत्या गोल चाळणीच्या) जाळीत लिंपून बसतो. खालून निघणारी माती शेतात नको, काच आणि जड धातू असतात. आसपासच्या विहिरींत क्लोराइड आणि अमोनिया मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजा, आकडा चढला की कळलंच.

शेणकाला
ओला कचरा ढिगावर गेलाच नाही तर काळं पाणी मुळातच कमी होईल की.

मार्कंडेयकाठ
आणि गॅस निघाल्यावर टाकीतून येणारा पातळ काला, तुमची स्लरी? 10 टन कचऱ्यात तितकंच पाणी मिसळता, म्हणजे रोज 20 हजार लिटरच्या घरात बाहेर पडणार.

शेणकाला
स्क्रू प्रेसनं (पिळून काढायच्या यंत्रानं) पिळून निम्मं पाणी पुन्हा कालवायला घ्यायचं. सगळं फिरवता येत नाही, अमोनिया साठून जिवाणू मंदावतात. उरलेलं उसाला.

मार्कंडेयकाठ
भर पावसात उसाला कोण घेतंय? दिवसाला 10 हजार धरले तरी जुलै-ऑगस्टचे 6 लाख लिटर झाले. 20 बाय 10 मीटर, 3 मीटर खोल, वर छप्पर. ती टाकी आधी आराखड्यात दाखवा, मग सिलिंडर मोजू.