पोहता येत नाही, चष्मा आहे, तरी मालवणला स्कुबा जमेल का?

परळची_पोर:
डिसेंबरात ऑफिसच्या सहा जणांचा मालवण प्लॅन ठरलाय, तारकर्लीला राहणार आणि सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्कुबा करायचं म्हणून सगळे उड्या मारतायत, पण मला पोहता येत नाही, म्हणजे शिवाजी पार्कच्या पूलमध्ये कठडा धरून पाय मारते तेवढंच. वर चष्मा मायनस चार. घरी फक्त किल्ला बघणार असं सांगितलंय. सकाळी स्कुबा करून संध्याकाळी गोव्याच्या मोपा विमानतळावरून फ्लाइट पकडायची आहे, चालेल ना? कोणी खरंच केलं असेल तर सांगा, इन्स्टावाल्यांचं नको.

तळ्यात_मळ्यात:
मी केलंय आणि मलाही पोहता येत नाही. ट्रेनर सिलिंडरला धरून सोबतच असतो, खाली नेणं वर आणणं सगळं तोच बघतो. खोली फार नाही, पाच-सहा मीटर, पण कान पहिल्या दोन मीटरातच कुरकुरायला लागतात. नाक चिमटीत धरून हळूच फुंकायचं, दुखायच्या आधीच, आणि थोडं थोडं खाली गेलं की परत. जोर लावू नको, नाहीच सुटलं तर जरा वर यायचं. सर्दी असेल तर पैसे बुडाले तरी चालतील पण उतरू नको. आणि श्वास रोखायचा नाही, वर येताना तर अजिबातच नाही, पाण्याचा दाब कमी होतो तशी छातीतली हवा फुगते.

माझा पोपट ऐक. पट्ट्यापट्ट्यांच्या माशांचा घोळका दिसला म्हणून खुशीत अंगठा दाखवला, तर ट्रेनरने सरळ वर काढलं. खाली अंगठा म्हणजे 'वर चला'! मस्त चाललंय सांगायला अंगठा-तर्जनीचा गोल करायचा. हे कळूनही मी परत अंगठाच दाखवला.

कांदेपोहे_७:
चष्मा मास्कच्या आत जात नाही, काड्यांमुळे कडेने पाणी शिरतं. फोन करून नंबरचा मास्क आहे का विचार, नाहीतर सॉफ्ट लेन्स. दमा, कानाचं ऑपरेशन असं काही असेल तर फॉर्मवर खरं लिही, घरी मारलीस तशी थाप तिथे नको.

आणि फ्लाइट नाही चालणार. डाइव्हमध्ये रक्तात नायट्रोजन विरघळतो, विमानात दाब कमी झाला की त्याचे बुडबुडे होऊ शकतात. एका डाइव्हनंतर किमान १२ तास थांबायचं, जास्त केल्या तर १८. कुडाळवरून तुतारी एक्स्प्रेसने ये, थेट दादरला उतरशील. मालवण ते कुडाळ सुमारे ३० किमी, रिक्षा आधीच ठरवून ठेवा.

खाजा_मालवणी:
एकच विनंती. व्हिडिओसाठी माशांना पाव टाकतात, तुम्ही नको म्हणा. हा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, कोणाच्या घरचं फिश टँक नाही. आमचे आजोबा असते तर म्हणाले असते, मासे बघूक इलंस ना, मगे बघ की, पाव कित्याक टाकतंस? खडकांवर पायही ठेवू नका, प्रवाळ मोडतं आणि सागरी साळूचे काटे तळव्यात मोडले तर ट्रिपभर लंगडाल.

परळची_पोर:
फ्लाइट कॅन्सल केली, तुतारीचं वेटिंग ४१ आहे :( एकाकडे नंबरचा मास्क आहे पण मायनस साडेतीन, घेऊ का?

कांदेपोहे_७:
घे. पाण्यात तसंही सगळं मोठं आणि जवळ दिसतं. तुला मासे बघायचेत, खाली पेपर नाही वाचायचाय.