मदत हवी आहे: पाळीव सापांच्या फोटोंसाठी आधी मॅक्रो लेन्स घ्यावी की फ्लॅश?

नमस्कार मंडळी,

घरी एक कॉर्न स्नेक आणि एक बॉल पायथन आहे. दोघांचे फोटो काढतो, पण आता सामान अपुरं पडतंय. बजेट एका वेळी एकाच मोठ्या खरेदीचं आहे, म्हणून जाणकारांनी मार्गदर्शन करावं ही विनंती.

सध्या क्रॉप सेन्सरचा (फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा) मिररलेस कॅमेरा आणि त्यासोबत आलेली १८-५५ची किट लेन्स आहे. वेटोळं घालून बसलेला अख्खा साप हिच्यातून छान येतो. अडतं ते डोक्यापाशी. कॉर्न स्नेकचं डोकं जेमतेम दोन-अडीच सेंटीमीटरचं. लेन्स फोकस देईल तितकी जवळ नेली, तरी ते फ्रेमचा तिसरा हिस्साच व्यापतं.

मला मुख्यतः डोळा टिपायचा आहे. सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो, तो कात टाकण्याआधी दुधाळ निळसर होतो आणि नंतर पुन्हा स्वच्छ होतो. कात निघाली की जुन्या कातीवर तो खवलाही टिकलीसारखा दिसतो. हे सगळे टप्पे एकाच कोनातून, एकसारख्या उजेडात हवे आहेत. फार सुंदर बदल असतो हो तो.

दुसरी अडचण उजेडाची. लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) लहान, म्हणजे एफ/११, ठेवलं तर आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) भलताच वाढतो. आयएसओ कमी केला तर शटर इतकं मंदावतं, की जीभ म्हणजे नुसती धूसर रेघ. थेट फ्लॅश मारला की प्रत्येक खवल्यावर पांढरा ठिपका उमटतो आणि बॉल पायथनचा गडद तपकिरी रंग पार मरतो.

१०० मिमीची मॅक्रो (अगदी जवळून मोठा फोटो देणारी लेन्स) घ्यावी, ६० मिमीची पुरेल, की आधी फ्लॅश आणि डिफ्यूझर (उजेड पसरवून मऊ करणारा पडदा)? एक अट आहे: सापाला त्रास होता कामा नये. तापणारे दिवे नकोत. डोळे दुधाळ असताना आणि खाणं झाल्यावर निदान दोन दिवस मी त्यांना बाहेर काढत नाही. म्हणजे दुधाळ डोळ्याचा फोटो टाकीच्या काचेतूनच घ्यावा लागणार.

प्रतिसाद १

आधी फ्लॅश घ्या. कारण सांगतो. तुमच्या सेन्सरची रुंदी साधारण २४ मिमी. १:१ मॅक्रोवर, म्हणजे सेन्सरवर वस्तू खऱ्या मापाएवढी उमटते तेव्हा, फ्रेममध्ये २४ मिमीच मावतात, म्हणजे डोकंसुद्धा कडेला टेकेल. डोक्यासाठी १:२ (खऱ्या मापाच्या निम्मं) भरपूर झालं. तेवढं तुमच्याच लेन्सला ५५ मिमीवर १२ मिमीची एक्स्टेन्शन ट्यूब (कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये बसणारी पोकळ नळी) लावून जवळपास मिळतं. ट्यूब विजेच्या संपर्कपिना असलेलीच घ्या, नाहीतर कॅमेऱ्यातून अ‍ॅपर्चर बदलता येणार नाही.

फ्लॅश कॅमेऱ्यापासून सोडवून वर आणि थोडा बाजूला ठेवा, समोर मोठा डिफ्यूझर लावा. डिफ्यूझर सापाच्या जितका जवळ, तितका उजेड मऊ. फ्लॅश कमी ताकदीवर ठेवला की त्याचा झोत सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही छोटा असतो, त्यामुळे जीभ स्थिर मिळते. एफ/११च्या पुढे जाऊ नका. इतक्या जवळून विवर्तनामुळे (लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्याने) फोटो मऊ पडायला लागतो.

काचेतून फोटो घेताना लेन्सच्या तोंडावरचं रबरी हूड काचेला अलगद टेकवा, आणि फ्लॅश टाकीच्या वरच्या जाळीतून खाली सोडा. हूड आणि काच यांत फट राहिली नाही तर प्रतिबिंब येत नाही. लेन्स काचेशी तिरकी धरू नका, तपशील जातो.

प्रतिसाद २

फ्लॅशबद्दल सहमत, ट्यूबबद्दल नाही. ट्यूब लावली की लेन्स सापाच्या तोंडापाशी जाते. बॉल पायथन लगेच डोकं वेटोळ्यात लपवतो आणि मग फोटो विसरा. १०० मिमीची मॅक्रो १:२ला बरीच लांब राहते. माझ्या मते फ्लॅश आत्ता, १०० मिमी नंतर, आणि ६० मिमी अजिबात नको. पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) मात्र जपून वापरा. तो चकाकी मारतो, पण नव्या कातीवरची इंद्रधनुषी झाकही घालवू शकतो.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. फ्लॅश नक्की केला. काचेतून फोटो घेताना लेन्स काचेलाच टेकणार असल्याने अंतराचा प्रश्न तिथे तरी येत नाही, म्हणून दुधाळ डोळ्यासाठी ट्यूब लावून बघतो. आता एकच विचारतो: जाळीतून फ्लॅश सोडला तर जाळीची सावली अंगावर पडते का? पडत असेल तर जाळी आणि फ्लॅशच्या मध्ये डिफ्यूझर ठेवून भागेल का?