आठ जीबीचं तुणतुणं: १०६० की ५८०?

दुसरा_मजला

काल इथे फोरमवर अकरावीतल्या एका पोरानं विचारलं, गेमसाठी सहा हजारांत सेकंडहँड ग्राफिक कार्ड कोणतं घेऊ, एनव्हीडियाचं जीटीएक्स १०६० सहा जीबी मेमरीचं की एएमडीचं आरएक्स ५८० आठ जीबीचं? त्यावर पोलारिसपंथी यांचं उत्तर: "५८०. आठ जीबी आहे. १०६० घेतात ते एनव्हीडियाचे भक्त. विषय संपला."

विषय कसा काय संपला? पोरानं लिहिलंय की वडिलांच्या ऑफिसातून निघालेला जुना आय-फाइव्ह प्रोसेसरचा डबा, म्हणजे पीसी आहे. त्यात एसएमपीएस, म्हणजे सगळ्याला वीज पुरवणारा भाग, कुठला, हे एकानं तरी विचारलं का? ५८० ला १८५ वॅट आणि आठ पिनांची वायर लागते. १०६० चं १२० वॅटमध्ये आणि सहा पिनांत भागतं. पोरगं कार्ड आणणार, मोलेक्सच्या, म्हणजे हार्डडिस्कसाठीच्या जुन्या चार पिनांच्या, दोन वायरी जोडून आठ पिना करणार आणि मग रडत इथेच येणार.

हे मी स्वतः केलंय. २०१९, कर्वेनगरची खोली. मित्राकडून आणलेलं ५८० आणि स्टिकरवर ४५० वॅट छापलेला एसएमपीएस, आतून किती होता देव जाणे. गेम सुरू केला की वीसेक मिनिटांनी खट्. पडदा काळा, पंखे बंद. तिसऱ्या दिवशी वास आला. डबा उघडून पाहिलं तर पिवळ्या वायरीचा जोड तपकिरी पडून फुगलेला. पिळून पिळून काढला तेव्हा निघाला, निम्मं प्लॅस्टिक पिनेलाच चिकटून. आजही कुणी "५८०, विषय संपला" म्हटलं की तो वास नाकात येतो.

दुसरं म्हणजे जुन्या प्रोसेसरवर, डायरेक्टएक्स ११ (विंडोजचं गेम चालवायचं तंत्र) च्या गेममध्ये एएमडीचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, प्रोसेसरला जास्त राबवतो. हे तेव्हाही सगळ्यांना माहीत होतं. आठ जीबी घेऊन काय पूजा करायची?

आणि तिसरं, ६५ वॅटचा फरक. रोज चार तास धरले तर महिन्याला आठ युनिट. माझा घरमालक सबमीटरवर तेरा रुपयांनी युनिट लावायचा.

पोलारिसपंथी

जळला तुझा एसएमपीएस आणि शिव्या कार्डाला! चप्पल तुटली म्हणून रस्त्यावर केस टाकणारा माणूस आहेस तू.

५८० च्या मेमरीला २५६ बिटची बस, वेग २५६ जीबी प्रतिसेकंद. तुझ्याकडे १९२ आणि १९२. व्हल्कन आणि डायरेक्टएक्स १२ या नव्या तंत्रांचे गेम आले तसं ५८० पुढे सरकत गेलं, १०६० आहे तिथेच राहिलं. आणि पोरगं आज घेतंय, २०१९ मध्ये नाही. आजच्या गेमांचे टेक्श्चर सहा जीबीत कोंबून दाखव, मग पूजेचं बोलू.

शिवाय गंमत बघ. डीएलएसएस, म्हणजे छोटं चित्र मोठं करून गेम पळवायची एनव्हीडियाची युक्ती, तुझ्या १०६० वर चालतच नाही, त्याला आरटीएक्स कार्ड लागतं. तू वापरतोस ते एफएसआर, तशीच युक्ती. ते कुणी काढलं? एएमडीनं. माझ्या पंथाचा प्रसाद खाऊन मलाच भक्त म्हणतोस!

दुसरा_मजला

भक्त हा शब्द तू काढलास. वर बघ.

ब्लेंडरवाली

तुमचे गेम चालू द्या, पण सगळेच काही गेमसाठी कार्ड घेत नाहीत. मी ५८० घेतलं होतं, आठ जीबीच्या नावावर भुलून. डिसेंबर २०२१ मध्ये ब्लेंडर, म्हणजे थ्रीडी चित्रं बनवायचं सॉफ्टवेअर, त्याची ३.० आवृत्ती आली आणि एएमडी कार्डांवर रेंडर करायला लागणारं ओपनसीएल काढून टाकलं. त्याच्या जागी एएमडीसाठी जे आणलं, त्यात पोलारिस, म्हणजे ५८० चं चिपघराणं, नाहीच. म्हणजे रेंडर प्रोसेसरवर. एक फ्रेम लागली की मी भाजी निवडायला बसायचे, गवार संपायची, फ्रेम संपायची नाही. मैत्रिणीचं १०६० एनव्हीडियाच्या कूडावर आपलं चालू. आठ जीबी होते ना माझ्याकडे. नुसते बघायला.

पोलारिसपंथी

ताई, हे मान्य. ब्लेंडर करायचं तर ५८० घेऊ नये. पण पोरानं ब्लेंडर विचारलेलं नाही.

भाडेकरू_तिसरा

ते सगळं जाऊ दे. तेरा रुपये? आमचा चौदा घेतो. आणि महिन्यातून दोनदा खोलीत डोकावून मोजतो, टेबल फॅन किती, चार्जर किती. मी पीसी चादरीखाली झाकून ठेवायचो. एकदा पंख्याचा आवाज ऐकून विचारतो, "आत काही पाळलंय का?" शंभर युनिटच्या आतला महावितरणचा दर चौदाच्या जवळपास तरी आहे का? नफा काढतात राव विजेवर. डिपॉझिट वेगळं, रंगाचे पैसे वेगळे.

दुसरा_मजला

एक्झॅक्टली. म्हणून म्हणतो, खोलीवर राहणाऱ्यानं वॅट बघूनच कार्ड घ्यावं.

वाडा_आणि_मीटर

मी तीन खोल्या भाड्यानं देतो, तेव्हा आता माझंही ऐका. मीटर एक. त्यावर माझं घर आणि तुम्ही तिघे. शंभरच्या आतला दर तुम्हाला आठवतो, पण सगळे मिळून आम्ही तीनशेच्या वर असतो, तिथला दर कुणी बघत नाही. त्यावर स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, आणि शेवटी १६ टक्के वीज शुल्क. बिलाची मागची बाजू वाचा एकदा. मागच्या वर्षी माझ्याकडच्या एका चिरंजीवांनी खोलीत सहा कार्डं मांडली होती. पहिल्या महिन्याचं बिल बघून मला वाटलं मीटर बिघडलं. खोलीत गेलो तर डिसेंबरात घाम फुटला.

भाडेकरू_तिसरा

मग प्रत्येकाला वेगळं मीटर घेऊन द्या ना काका! कोण अडवतं? एक मीटर तुम्ही ठेवलं, तीनशेच्या वर तुम्ही नेलं, आणि भुर्दंड आम्हाला. तुमच्या घरातला एसी कुठल्या स्लॅबमध्ये बसतो? तोही आमच्याच डोक्यावर.

वाडा_आणि_मीटर

एसी नाही आमच्याकडे. कूलर आहे. आणि 'काका' म्हणून आवाज चढवू नका.

पेठी_हिशेब

दोघांचीही एक समजूत चुकतेय. तीनशे ओलांडले म्हणजे सगळीच युनिटं महाग दरानं लागत नाहीत. पहिली शंभर स्वस्तच राहतात, पुढची दोनशे त्यांच्या दरानं, वरची तेवढी महाग. म्हणजे मालकांनी सगळ्यांना सरसकट वरचा दर लावणंही चूक, आणि भाडेकरूंनी स्वतःला शंभरच्या आत धरणंही चूक. एकूण बिल भागिले एकूण युनिट, जो आकडा येईल तो सगळ्यांना सारखा लावा. बिल भिंतीवर चिकटवा. भांडण कशाला?

वाडा_आणि_मीटर

चिकटवतो. मग भाडं पाचशेनं वाढवतो. चालेल?

भाडेकरू_तिसरा

बघा! बघा बाहेर आलं खरं!

सोल्डरकाका

मीटरचा धागा वेगळा काढा रे. बत्तीस वर्षं दुरुस्ती करतोय, मूळ प्रश्नावर चार शब्द बोलतो.

सेकंडहँड ५८० मधली पुष्कळ मायनिंगमधून, म्हणजे क्रिप्टो नाणी कमवायला राबवलेली, आलेली असतात. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद झालं आणि सगळ्यांनी गोण्या रिकाम्या केल्या. मायनिंगचं म्हणून कार्ड वाईटच असतं असं नाही. खरी भानगड बायॉसची, म्हणजे कार्डातच भरलेल्या मूळ प्रोग्रामची. मेमरीचे टायमिंग बदललेलं बायॉस टाकतात. मायनिंगला ते पळतं, गेममध्ये पडद्यावर रांगोळी. मागच्या महिन्यात एक मुलगा असंच कार्ड घेऊन आला, चेहरा उतरलेला. कार्डाच्या वरच्या कडेला तांदळाच्या दाण्याएवढं बटण होतं, दोन बायॉसमधून एक निवडायचं. नखानं सरकवलं. रांगोळी गायब. पैसे काय घेऊ त्याचे? चहा घेतला. सगळ्या कार्डांना ते बटण नसतं, हे मात्र लक्षात ठेवा.

दुसरी फसवणूक '५८० २०४८ एसपी'. नाव ५८०, आत माल ५७० चा. खऱ्यात २३०४ शेडर, म्हणजे चित्र काढणारे छोटे कोअर, असतात. जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडून आकडा बघितल्याशिवाय खिशात हात घालू नका. १०६० वाल्यांनीही हसू नये. तीन जीबीचं १०६० निघालं त्यात नुसती मेमरी कमी नाही, १२८० चे ११५२ कोअर केलेत, आणि नाव तेच.

पोलारिसपंथी

काका, २०४८ वालं मलाच चिकटवलं होतं. सांगितलं नव्हतं कुणाला. आज सांगतो.

दुसरा_मजला

हाहाहा. विषय संपला?

पोलारिसपंथी

हस. पण एक सांग, तुझ्या १०६० चे नवे गेम ड्रायव्हर कधी थांबले? ऑक्टोबर २०२५. आता सुरक्षेचं काय ते मिळेल, तेही २०२८ पर्यंत. आणि तुझं कार्ड ज्यात चालतं त्या शेवटच्या ड्रायव्हर मालिकेचा नंबर काय रे?

दुसरा_मजला

…

पोलारिसपंथी

मोठ्यानं सांग. मागच्या बाकावर ऐकू गेलं नाही.

दुसरा_मजला

५८०. बरं, हसा. पण एएमडीनं तुमच्या पोलारिसला ड्रायव्हरच्या बाबतीत २०२३ पासूनच ओसरीवर बसवलंय, त्याचं काय?

लिनक्सवाला

लिनक्सवर ५८० चा ड्रायव्हर कर्नलमध्येच

पोलारिसपंथी

तू नको रे. प्लीज.

अकरावी_ब

नमस्कार. प्रश्न माझाच होता. सगळं वाचलं, मीटरचं पण. बाबांनी डबा उघडून दिला. एसएमपीएसवर २४० वॅट लिहिलंय, आणि ग्राफिक कार्डाची वायर एकही नाही. मग दोन्हींपैकी कोणतं?

सोल्डरकाका

दोन्ही नको. ऑफिसच्या डब्यातला एसएमपीएस बऱ्याचदा आकारानंच वेगळा असतो, बाजारातला बसत नाही. एनव्हीडियाचं जीटीएक्स १०५० टीआय बघ. ७५ वॅट. वायर नसलेलं मिळतं, स्लॉटमधूनच वीज घेतं. वायर असलेलंही येतं, ते घेऊ नकोस.

पोलारिसपंथी

चार जीबी?! काका, चार जीबीत पोरगं काय खेळणार?

दुसरा_मजला

पहिल्यांदाच पोलारिसपंथीशी सहमत. १०५० टीआय म्हणजे पैसे पाण्यात.

सोल्डरकाका

तुम्ही दोघं एक झालात, छान झालं. बाळ, डबा उभा आहे की आडवा, चपटा? चपटा असेल तर कार्डही बुटकं लागेल, मागची लोखंडी पट्टी बदललेलं. नुसता फोटो नको, मोजपट्टी लावून टाक.

अकरावी_ब

चपटा आहे काका. आतली उंची साडेनऊ सेंटीमीटर. बाबा विचारतायत, बिल किती वाढेल?

भाडेकरू_तिसरा

स्वतःचं घर आहे का भाड्याचं?