कृषी सल्ला खाली, दुकान वर: दोष शोधयंत्राचा की आपला?

बेंबळाकाठ (बाभुळगाव)
वाद घालायलाच धागा काढतो आहे, राजेहो. माझं म्हणणं असं, की इंटरनेटवरचं गूगलसारखं शोधयंत्र शेतकऱ्याच्या कामाची माहिती खाली ढकलते आणि विकणाऱ्याला वर बसवते. 'सोयाबीन पिवळं पडलं उपाय' एवढं टाकून पाहा. वर 'प्रायोजित' पाटी लावलेली औषधं, मग व्हिडिओ, मग एकमेकांचा मजकूर उचललेल्या साइटी. 'शेतकरी बंधूंनो नमस्कार' करत तीन परिच्छेद जातात, तेव्हा कुठं कीटकनाशकाचं नाव येते.

आता सोयाबीन पिवळं पडायची कारणं एक का आहेत? पांढऱ्या माशीनं पसरवलेला पिवळा मोझॅक असेल, वावरात पाणी साचलं असेल, लोह कमी पडलं असेल. लोहाच्या कमतरतेत कोवळं पान पिवळं होते अन् शिरा हिरव्या राहतात, तिथं कीटकनाशक मारणं म्हणजे पैसे मातीत. मोझॅक हा विषाणू, त्याला मारणारं औषधच नाही. रोगट झाड उपटायचं अन् माशी आवरायची. हे सगळं कृषी पत्रकांत लिहिलेलं आहे. मग ते पत्रक पहिल्या पानावर काऊन येत नाही?

सुरुवातीला हा धंदा नव्हता. १९९० मध्ये मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात ॲलन एमटेज या विद्यार्थ्यानं 'आर्ची' बनवलं. वेगवेगळ्या संगणकांवर ठेवलेल्या फाइलींच्या नावांची यादी, बस. त्यात विकायचं काही नव्हतं.

सेतूवाली (दारव्हा)
भाऊ, राग बरोबर आहे, पत्ता चुकला. आपण बटन दाबल्यावर शोधयंत्र जग हिंडायला निघत नाही. त्याचे बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्राम, आधीच एका लिंकवरून दुसरीवर फिरत पानं गोळा करतात. प्रत्येक शब्दापुढं तो कोणकोणत्या पानांत आहे याची सूची तयार असते आणि आपण विचारलं की ती सूची चाळली जाते. जे सूचीतच नाही, ते वर आलं की खाली गेलं हा प्रश्नच येत नाही.

आता आपली पत्रकं पाहा. जुनं टायपिंग डीव्हीबी-टीटी सुरेख नाहीतर श्रीलिपी असल्या जुन्या फॉन्टांत. डोळ्याला 'कापूस' दिसतो, पण आत साठवलेली असतात भलतीच रोमन अक्षरं आणि चिन्हं. फॉन्ट काढला की नुसता कचरा. युनिकोड, म्हणजे सगळ्या यंत्रांना कळणारी अक्षरांची एकच पद्धत, नसेल तर बॉटला त्यात मराठी सापडणारच नाही. उरलेलं म्हणजे शिक्का मारून, वाकडं स्कॅन करून चढवलेलं पीडीएफ. फोटोतली अक्षरं यंत्र आता वाचते म्हणा, पण झेरॉक्सच्या झेरॉक्सवरचं माणसालाही वाचता येत नाही. फाइलीचं नाव 'स्कॅन ००१४', आणि त्या पानाकडं जाणारी लिंक कुठंच नाही. हे गूगलनं दाबलं म्हणता?

झोडप्या (मारेगाव)
काऊन भांडून राह्यले बाप्पा? आमच्या इकडं रेंजच नाई. टेकडीवर जा लागते तवा ते चाक फिरते. वर काय येते अन् खाली काय येते, ते पाह्यलंच कोनं?

निवृत्त मास्तर (दर्यापूर)
बेंबळाकाठ भाऊ, जुन्या काळाचं कौतुक जपून करा. आर्ची विद्यापीठवाल्यांसाठी होतं, तुमच्या-माझ्यासाठी नव्हतं. १९९४ मध्ये स्टॅनफर्डच्या जेरी यांग आणि डेव्हिड फिलो यांनी 'याहू' सुरू केलं, ती माणसांनी हातानं लावलेली वर्गवारी होती. आपल्याकडं राजेश जैन यांच्या इंडियावर्ल्डचं 'खोज' होतं. १९९९ मध्ये ती अख्खी कंपनी सत्यम इन्फोवेनं ४९९ कोटींना घेतली, तेव्हा पेपरात आकडा वाचून शिक्षकांच्या खोलीत हसू पिकलं होतं. पण माणसानं लावलेल्या यादीत बाभुळगावचा सल्ला आला असता असं वाटते का तुम्हाला? यादी लावणारा त्याला जे ठाऊक तेच लावणार.

त्याच १९९४ मध्ये 'वेबक्रॉलर' आलं, त्यानं पानांतला सगळा मजकूर शोधता येण्याजोगा केला. १९९५ च्या डिसेंबरात 'अल्टाव्हिस्टा'. तेव्हाची यंत्रं मुख्यतः शब्द किती वेळा आणि कुठं आला ते पाहत. लोकांनी मग पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत तोच शब्द शेकडो वेळा भरायला सुरुवात केली. वाचणाऱ्याला दिसत नाही, यंत्राला दिसते. म्हणजे लबाडी गूगलनं आणली नाही, गूगल त्या लबाडीवर उतारा म्हणून आलं.

बेंबळाकाठ (बाभुळगाव)
उताराच तर मुळावर आला, मास्तर. गूगल काढणाऱ्या लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांचा पेजरँक काय सांगतो? ज्या पानाकडं जास्त लिंका, ते पान महत्त्वाचं, आणि लिंक देणारा स्वतः वजनदार असेल तर आणखीच महत्त्वाचं. ज्याच्या ओट्यावर सरपंच-पाटील चहा प्यायला बसतात त्याचा मान वाढतो, दहा रोजमजूर बसले तरी तेवढा वाढत नाही, तसलाच हिशेब. आज रँकिंगमध्ये आणखी ढीगभर गोष्टी धरतात, पण हा पाया गेलेला नाही. आधीच मोठा असलेला आणखी मोठा होतो.

आणि गंमत पाहा. याच दोघांनी १९९८ च्या शोधनिबंधात लिहून ठेवलं आहे, की जाहिरातीवर चालणारं शोधयंत्र स्वभावतःच जाहिरातदाराकडं झुकेल आणि शोधणाऱ्याच्या गरजेपासून दूर जाईल. त्याच वर्षी बिल ग्रॉसच्या 'गोटू डॉट कॉम'नं शब्दांचा लिलाव मांडला: जो क्लिकमागं जास्त पैसे देईल तो वर. ऑक्टोबर २००० मध्ये गूगलचं जाहिराती विकणारं 'ॲडवर्ड्स' आलंच. दोन वर्षं टिकला निबंध!

संत्राबाग (वरुड)
जाहिरात आणि खालचे निकाल यांत घोळ करू नका. पैसे देऊन खालच्या यादीत वर चढता येत नाही, जाहिरातीची पाटी वेगळी असते. पाटी बारीक करत आणली हे मात्र मान्य. मला संत्र्यावरच्या डिंक्याची माहिती शोधातूनच मिळाली आणि ती कामाची निघाली. कृषी केंद्रात विचारलं असतं तर त्यानं शेल्फावरची बाटलीच दिली असती. तिथं कोणता पेजरँक आहे?

पुसदकर पोट्टा
संत्राबाग काका, पाटी वेगळी असते हे शहरात. माझ्या मावशीनं बँकेच्या हेल्पलाइनचा नंबर शोधला, वर आलेल्या पहिल्या नंबरावर फोन लावला. समोरच्यानं मराठीत बोलून ॲप टाकायला लावलं आणि कापसाच्या चुकाऱ्याचे पैसे गेले. कोणीतरी नकाशावरच्या नोंदीत खोटा नंबर भरून ठेवला होता. तिच्या दृष्टीनं 'वर आलं' म्हणजे 'खरं'. यंत्र कसं चालते ते तिला कोणी सांगितलंच नव्हतं, आणि तिनं तरी ते का शिकून घ्यावं?

सेतूवाली (दारव्हा)
मावशीचं ऐकून वाईट वाटलं. माझ्याकडं येणाऱ्यांना मी एकच सांगते: नंबर पासबुकावरचा नाहीतर एटीएम कार्डाच्या मागचा घ्या, शोधू नका. सातबाराही तसाच. नावसाम्य असलेल्या साइटी वर येतात आणि पन्नास-शंभर रुपये मागतात. पत्त्याच्या शेवटी 'गव्ह डॉट इन' पाहायचं.

अकोट फाइल
यात सगळ्यात मोठी गोष्ट कोणी बोललंच नाही. दुसरं यंत्र वापरायची मुभा कागदावर आहे, फोनमध्ये आधीच कोणतं बसवलेलं येते ते पाहा. अमेरिकेत ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायाधीश अमित मेहता यांनी गूगलनं शोधातली मक्तेदारी बेकायदा टिकवल्याचा निकाल दिला. फोन आणि ब्राउझरमध्ये आपलंच यंत्र पहिलं राहावं म्हणून २०२१ या एका वर्षात २,६३० कोटी डॉलर मोजल्याचं त्या खटल्यात बाहेर आलं. आपल्या स्पर्धा आयोगानंही २०१८ मध्ये शोधातल्या पक्षपातासाठी सुमारे १३६ कोटींचा दंड लावला होता.

देशी प्रयत्न झाले नाहीत असंही नाही. २००६ मध्ये 'गुरुजी डॉट कॉम' आलं आणि काही वर्षांत बंद पडलं. सरकारी पैशातून मराठीसह भारतीय भाषांसाठी 'संधान' झालं, तेही पर्यटनापुरतं. पर्यटन! वणी-मारेगावच्या माणसाला ताजमहाल शोधायचा होता म्हणे.

निवृत्त मास्तर (दर्यापूर)
अकोट, मक्तेदारी मोडली तरी सेतूवालीचा मुद्दा उभाच राहतो. उद्या दहा यंत्रं आली, तरी 'स्कॅन ००१४' दहाही यंत्रांना सापडणार नाही. शिवाय आपल्याकडचं खरं ज्ञान आता व्हॉट्सॲपच्या गटांत आहे. बोंडअळीवर आमच्या गटात एक जण इतका नेमका बोलतो, की कृषी सहायकानं ऐकत बसावं. पण ते सगळं व्हॉइस मेसेजमध्ये. तिथं बॉट शिरत नाही, शिरूही नये. पुढच्या हंगामात तोच प्रश्न, तोच माणूस पुन्हा बोलणार.

पुसदकर पोट्टा
आता तर यादीच्याही वर एआयचं तयार उत्तर येते. लोक खाली जातच नाहीत. त्यात फवारणीचं प्रमाण चुकीचं आलं तर? २०१७ मध्ये आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली आहेत, हा काही गमतीचा विषय नाही.

बेंबळाकाठ (बाभुळगाव)
म्हणूनच म्हणतो, वर कोणाला बसवायचं हे एका कंपनीच्या हाती नको. सेतूताई, तुमचं फॉन्टचं म्हणणं मी खोटं ठरवत नाही. पण तुम्ही कितीही स्वच्छ टाइप करा, वर जागा विकलेलीच राहणार.

सेतूवाली (दारव्हा)
राहू द्या विकलेली, मला त्याच्या खालची पहिली जागा पाहिजे. पिवळा मोझॅक आणि लोहाची कमतरता यांतला फरक सांगणारं पत्रक मी युनिकोडमध्ये टाइप करते, कृषी अधिकाऱ्यांकडून तपासून घेते. शीर्षक 'सोयाबीन पिवळं का पडते' असं साधं, लोक टाकतात तसंच. आता तुमचं काम: तुमच्या शेतकरी कंपनीच्या साइटवरून त्या पानाला लिंक द्या. वरुडच्या काकांनीही त्यांच्या संघाच्या साइटवरून द्यावी. देता का नाही, तेवढं सांगा, म्हणजे आज रात्री टायपिंगला बसते.