चार रुपयांची रिंग नव्हे ती: कूलंट लाइनच्या सीलवरून

धागाकर्ता, छत्रपती संभाजीनगर

परवा एका गॅरेजवाल्या भावाची पोस्ट वाचली. "कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) पाइपाच्या जोडाचं सील गेलं तर कंपनीच्या सीलची वाट बघत बसू नका. दुकानातून मापाची काळी रिंग आणा, वरून शिलॅक (जोडाला फासायचा चिकट लेप) लावा, नट आवळा. गाडी पळती." खाली 'एकदम बरोबर' म्हणणाऱ्यांची रांग. राहवलं नाही, म्हणून लिहितोय.

मी नेमकं हेच केलं होतं. मे महिना, चाळीसगावचं लग्न उरकून परत निघालो. गाडीत आई, बायको, दोन लेकरं. कन्नडच्या घाटात ट्रकांमागे पहिल्या-दुसऱ्या गिअरवर चढाई, एसी चालू. आधी गोडसर वास आला. तापमानाचा काटा मधोमध, म्हणून चालवत राहिलो. काटा मधोमध का होता ते नंतर कळलं: सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच खरं सांगतो, पाणी निघून गेलं की त्याच्या आकड्यावर भरवसा नाही. घाटमाथ्यावर पोचेपर्यंत इंजिनचं हेड (वरचं झाकण) तापून वाकलं. हेड प्लेन, गॅस्केट, मजुरी धरून ३२ हजार. आईला तीन तास रस्त्याकडेला दगडावर बसावं लागलं, ते वेगळंच.

जोड उघडला तेव्हा ती रिंग हातात घेऊन बघितली. गोल राहिलीच नव्हती. दोन्ही अंगांनी चपटी, वाकवली की बारीक भेगा दिसायच्या. शिलॅकचे तुकडे थर्मोस्टॅटमध्ये, म्हणजे कूलंटची वाट उघडणाऱ्या झडपेत, अडकलेले.

दुकानातली साधी काळी रिंग बहुतेक नायट्राइल रबराची असते. ती तेलासाठी चांगली, पण १०० अंशांच्या आसपास सतत राहिली की कडक पडते. कूलंटच्या जोडाला ईपीडीएम नावाचं रबर लागतं. गरम पाणी आणि कूलंटमधलं ग्लायकॉल त्याला सोसतं. रंग दोघांचाही काळाच, म्हणून नुसतं बघून घेऊ नका, विचारून घ्या. आणि ईपीडीएमला साधं ग्रीस लावू नका, फुगतं. बसवताना कूलंटचंच बोट फिरवायचं.

फिटर, बीड

साहेब, ज्याच्यावर लिहिलंत तो मी नाही, पण काम तेच करतो, म्हणून बोलतो. सील सुटं मिळतच नाही. अख्खा प्लास्टिकचा फ्लँज (जोडाचा तुकडा) घ्या म्हणतात, तोही आठ दिवसांनी. गिऱ्हाईक पुण्याचं, सोबत म्हातारं माणूस, रात्रीचे नऊ. त्याला आठ दिवस बीडात बसवू का? रिंग टाकून पाठवलेल्या किती गाड्या सुखरूप गेल्या, ते कोणी लिहीत नाही. एक गेली की मिस्त्री चोर.

धागाकर्ता

चोर कुठं म्हणालो? वाटेत अडकलेल्याला पुण्यापर्यंत न्यायचं तर रिंग टाका, माझी ना नाही. पण मग बिलावर लिहा की हे तात्पुरतं आहे, पोचल्यावर बदला. मला कोणी सांगितलं नव्हतं. चौदा महिने तीच रिंग होती.

वाळूज एमआयडीसी

ईपीडीएमवर कशाला थांबता? सरळ वायटॉन रबराची रिंग टाका. २०० अंश सोसतं. महाग आहे, पण एकदा टाकलं की विषय संपला.

धागाकर्ता

इथंच लोक फसतात. वायटॉन २०० अंश सोसतं ते तेलात, कोरड्या उष्णतेत. साधा वायटॉन गरम पाण्यात आणि वाफेत टिकत नाही. वेगळ्या ग्रेडचा टिकतो, पण दुकानात कोणता देतायत ते ना दुकानदाराला माहीत, ना तुम्हाला. महाग म्हणजे चांगलं, हा हिशेब रबराला लागू नाही.

वाळूज एमआयडीसी

मी रोज रबराच्या मोल्डिंगवरच काम करतो. ग्रेडचं म्हणाल तर बरोबर आहे. पण दुकानदाराला माहीत नसतं हे मला शिकवू नका, मीच त्यांना माल देतो.

माजी जीपवाला, गेवराई

एवढा शास्त्रार्थ कामून चाललाय? वीस वर्षं काळी-पिवळी चालवली. पाणी गळालं की रेडिएटरमध्ये दोन चमचे हळद. गेवराईपासून बीडपर्यंत बाळंतीण नेली हळदीवर. आज ते पोरगं बारावीला आहे.

धागाकर्ता

बाळंतीण वेळेत पोचली, याच्यापुढं मी काय बोलणार. पण हळद भोक आणि बारीक नळी यात फरक करत नाही. गळती बुजते तशा रेडिएटरच्या नळ्याही बुजतात. जुन्या जीपच्या नळ्या रुंद होत्या, आताच्या अरुंद आहेत. दवाखान्यापर्यंत ठीक, दुसऱ्या दिवशी सगळं धुऊन काढायला पाहिजे.

लातूर

सगळे सीलवर तुटून पडलेत, पाण्याचं कोणीच बोलत नाही. माझ्याकडं आलेल्या दहापैकी आठ गाड्यांत बोअरचं पाणी असतं. सील बसतं त्या खाचेत पांढरा क्षार चुन्यासारखा बसलेला. त्यावर सोन्याचं सील बसवा, गळणारच.

धागाकर्ता

मग बोअरचं पाणी घालायचंच कशाला? डिस्टिल्ड वॉटरचा कॅन घ्या, कूलंट निम्मं-निम्मं करा.

लातूर

'कशाला' म्हणताय? एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं आमच्याकडं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. घागरीसाठी रात्रभर रांगेत उभे राहिलेल्या माणसाला तुम्ही डिस्टिल्ड वॉटर सांगताय? तेव्हा टँकरमधलं उरलंसुरलं गाडीत जायचं. ती सवय लागलेली आहे. संभाजीनगरात बसून सोपं वाटतं.

धागाकर्ता

संभाजीनगरात रोज पाणी येतं असं कोणी सांगितलं तुम्हाला? आम्हीही पाण्याचा वार लक्षात ठेवून जगतो. दुष्काळाची मापं काढू नका.

परभणी

दोघंही थांबा जरा. एसीचं ठिबकलेलं पाणी वापरा. आम्ही इन्व्हर्टरच्या बॅटरीत तेच घालतो.

फिटर, बीड

त्यात क्षार नसतो हे खरं, पण कॉइलवरची घाण असते. आणि नुसतं पाणी कोणतंही असो, गंज थांबवायचं औषध त्यात नाही. अ‍ॅल्युमिनियमचं हेड आणि पंपाचा पंखा खाऊन टाकतं. शिवाय रेडिएटरला १.१ बार दाबाचं झाकण असलं तर पाणी १२० अंशांच्या थोडं पुढं उकळतं, निम्मं-निम्मं कूलंट आणखी थोडी सवलत देतं. लातूरकर, तयार मिसळलेलं कूलंट मिळतं, त्यात पाणी घालायचंच नसतं. ते सांगत जा गिऱ्हाईकाला.

लातूर

ते सांगतोच. भाव ऐकून उठून जातात. पण हो, सांगायला पाहिजे, एवढं मानतो.

नांदेड

एक विनंती. गळालेलं कूलंट जमिनीवर सोडू नका. गोड लागतं म्हणून जनावरं चाटतात. आमचा कुत्रा एका गॅरेजसमोरचं डबकं चाटून आला. दोन दिवसांत किडन्या गेल्या. नऊ वर्षांचा होता. कोणाला दोष देत नाही, पण भुसा टाकून भरून घ्यायला किती वेळ लागतो?

फिटर, बीड

ताई, वाईट झालं. आमच्या दारात ट्रे आहे, पण रोज वापरतो असं म्हणणार नाही. उद्यापासून वापरतो.

धागाकर्ते, ईपीडीएमची रिंग मी ठेवीन. तुमच्या म्हणण्यावर नाही, आठ दिवसांची कटकट वाचेल म्हणून. मापाचं सांगा. जुनी रिंग चपटी झालेली, तिच्यावरून जाडी कशी धरू?

धागाकर्ता

जुन्या रिंगेवरून धरू नका, तिथंच चूक होते. खाच साफ करून व्हर्नियरनं तिची खोली आणि रुंदी मोजा. रिंग खोलीपेक्षा थोडी जाड पाहिजे, म्हणजे दाबली जाईल. पण खाच गच्च भरेल इतकी नको, तापल्यावर रबर फुगतं. क्षार खरवडायला स्क्रू ड्रायव्हर घालू नका, ओरखडा पडला की तिथूनच गळतं. लाकडी काडी आणि व्हिनेगर. आणि कूलंट भरल्यावर आत अडकलेली हवा काढल्याशिवाय गाडी सोडू नका.

फिटर, बीड

हवा काढायचं आम्हाला सांगू नका. बाकीचं लिहून घेतलं.